नखांचा खाऊ

५ मे

चिरंजीव चौकशीबाई,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज काम काढून लिहिते आहे. लहानपणी तू मला दिवसाला शंभर प्रश्न विचारायचीस, त्यावरून मीच तुझं हे नाव ठेवलं. आता माझी पाळी. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये तुझी इतकी वर्षं गेली, तेव्हा खालचे आकडे वाच आणि माझ्या डोक्यात शिरेल असं काहीतरी सांग. रिपोर्टवरून माझ्या हाताने उतरवले आहेत, दोनदा ताडून पाहिलेत.

टीएसएच ०.२१, पुढे ठळक एल. असायला हवं ०.४ ते ४.
फ्री टी-फोर २.४, पुढे ठळक एच. असायला हवं ०.८ ते १.८.

डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची, तेरा तारखेची मिळाली आहे. तोवर धीर कुठला! मी आपली वाचून मोकळी झाले. एल म्हणजे लो, म्हणजे कमी. टीएसएचमधला टी म्हणजे थायरॉईडच असणार. म्हणजे माझा थायरॉईड कमी पडतोय. खरं सांगू? मला नाचावंसं वाटलं. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही म्हणून राहिलं.

आजार निघाला म्हणून नाचणारी ही बाई कोण, असं म्हणशील. तर ऐक. मार्चमध्ये मी एक जाडजूड ग्रंथ बांधला. सोळा-सोळा पानांचे बावीस फर्मे. क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा, वर पुठ्ठा चढवायचा. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत एकतीस वर्षं मी हेच करते आहे. पुस्तक कपाटात गेलं आणि तीन दिवसांनी एक वाचक ते घेऊन खाली आला. नवव्या फर्म्यानंतर अकरावा, आणि दहावा सगळ्यात शेवटी, तोही डोक्यावर उभा. ग्रंथपालसाहेब काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर आणखी दोनदा असंच झालं. परवा तर सुई हातात धरून मी पाऊण तास सुई शोधत होते.

तुझी आजी शेवटी शेवटी कशी होती ते तुला आठवत असेल. आधी हळू झाली, मग विसरायला लागली, मग खिडकीपाशी बसून राहिली ती उठलीच नाही. सुरुवात झाली तेव्हा तिला अठ्ठावन्नावं चालू होतं. मला आता अठ्ठावन्नावं आहे. मी मनाशी धरूनच चालले होते की तेच आलंय. काम सोडण्याचा अर्जसुद्धा लिहून खणात ठेवलाय, तीस जूनला मोकळं करा म्हणून. लोकांच्या हातात उलटी पुस्तकं देण्यापेक्षा आपण हात काढून घेतलेला बरा.

आणि आता हा एल! विसरणं थायरॉईडमुळे असेल तर त्यावर साधी गोळी असते म्हणे. तसं असेल तर मी अर्ज फाडते आणि मरेपर्यंत पुस्तकं बांधते. म्हणून लवकर कळव. फोन नको, पत्रच लिही. मला ते निवांत वाचता येतं.

तुझी
आत्या


९ मे

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि चष्मा काढून आधी एक घोट पाणी पी. तू कागद उलटा वाचलास.

चूक तुझी नाही, नावातच गोंधळ आहे. आमच्याकडे नव्याने येणारी मुलंही पहिल्या महिन्यात इथेच आपटतात. टीएसएच थायरॉईडमध्ये बनतच नाही. थायरॉईड आपल्या गळ्यात, पुढच्या बाजूला. टीएसएच बनतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत, आणि तिथून ते थायरॉईडला हुकूम सोडतं.

तुझ्या खोलीवरूनच सांगते. तू थायरॉईड. तू बांधून वर पाठवतेस ती पुस्तकं म्हणजे टी-फोर. दुसऱ्या मजल्यावर बसलेले ग्रंथपालसाहेब म्हणजे तो वाटाणा. (त्यांना सांगू नकोस.) पुस्तकं कमी यायला लागली की साहेब चिठ्ठीवर चिठ्ठी धाडतात. बाई, काय झालं? बाई, किती राहिलं? बाई, आज तरी? या चिठ्ठ्या म्हणजे टीएसएच. आणि तू झपाटल्यासारखी बांधत सुटलीस, कपाटात जागा उरली नाही, की साहेब गप्प होतात. म्हणून टीएसएच वाढलेलं असेल तर थायरॉईड मंद, आणि टीएसएच घटलेलं असेल तर थायरॉईड सुसाट. तुझ्या कागदावर चिठ्ठ्या जवळजवळ बंद आहेत आणि पुस्तकांचा ढीग लागलाय. दोन्ही आकडे एकच सांगतात. थायरॉईड जास्त काम करतोय.

तुझा विरस केला, माहीत आहे. पण मला काहीतरी खटकतंय, म्हणून आता माझे प्रश्न. छाती धडधडते? घाम फुटतो? हात थरथरतात? वजन उतरलंय? झोप उडालीय? घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोज आणि आकडा लिही. आणि औषधं कोणती घेतेस ती एकूण एक लिही, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा सोडू नकोस.

फोन केला होता दोनदा. कुठे असतेस?

तुझी
चौकशी


१४ मे

चि. चौकशीबाई,

साहेब वाटाण्याएवढे, हे वाचून एकटीच हसले.

प्रश्नांची उत्तरं. छाती धडधडत नाही. घाम म्हणशील तर बाहेर लोक पंख्याखाली सुस्कारे टाकतात आणि मी स्वेटर घालून पुठ्ठे कापते. हात थरथरत असते तर सुईत दोरा गेला नसता, तो जातो. वजन वर्षात सात किलोंनी वाढलं, तेही दोन घास कमी खाऊन. झोप उडाली? अगं, खाली बसले की झोप. नाडी चोपन्न. औषध एकही नाही. मी औषधाच्या वाटेला जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊन आले. मनाने चांगले आहेत, घाई करत नाहीत. त्यांनीही तुझंच सांगितलं, फक्त पुस्तकं न घालता. नाडी धरून मात्र त्यांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. म्हणाले, "कागद म्हणतो तुमचा थायरॉईड धावतोय, आणि तुम्ही तर खुर्चीत पेंगताय." औषधं विचारली, एकही नाही म्हटलं. थायरॉईडला आवर घालणारी गोळी लिहून दिली आहे, पण सव्वीस तारखेला आधी गळ्याची सोनोग्राफी करायची आणि मग सुरू करायची.

मला त्या गोळीचं काही नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की थायरॉईड मंद असता तर डोकं मंद चालण्याला कारण मिळालं असतं. तो धावतोय, म्हणजे डोक्याचं दुखणं वेगळं. म्हणजे आजीचंच.

आता तू माझ्यासाठी आणखी वेळ घालवू नकोस. कळायचं ते कळलं.

आत्या


१८ मे

आत्या,

काहीही कळलेलं नाही! चोपन्न नाडी, स्वेटर, सात किलो आणि झोप. ही सगळी मंद थायरॉईडची लक्षणं आहेत, पुस्तकात छापल्यासारखी. तू कागद चुकीचा वाचलास आणि तरी उत्तर बरोबर काढलंस असं मला वाटायला लागलंय. अंग एक सांगतं आणि कागद दुसरं. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि अंगाला खोटं बोलून काय मिळणार?

आमच्या मोठ्या मॅडमना दाखवलं. त्या या कामात मुरलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, नळ्यांची अदलाबदल झाली असेल किंवा आणखी काही. पण दोष देण्याआधी माणसाला विचारायचं, आणि "काय होतंय" असं नाही विचारायचं. त्या दिवशी डोळे उघडल्यापासून सुई टोचेपर्यंत काय काय केलं, ते ओळीने विचारायचं.

तर विचारते. ओळीने लिही. मधलं काही गाळू नकोस, अगदी फुटकळ वाटलं तरी. आणि सव्वीस तारखेला डॉक्टरांना एवढं नक्की सांग की भाची म्हणते, गोळी सुरू करण्याआधी रक्त पुन्हा तपासायला हवं.

अर्ज खणातच आहे ना? फोन का उचलत नाहीस?

चौकशी


२१ मे

चौकशीबाई,

तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांग. त्या पोलिसात असत्या तर गावात चोर राहिला नसता.

घे सगळं ओळीने. साडेसहाला डोळे उघडले, सातला उठले. मधला अर्धा तास उठायचं आहे हे स्वतःला समजावण्यात गेला. तोंड धुतलं. केस विंचरले, फणीत नेहमीसारखा पुंजका आला, तो गुंडाळून टाकला. भुवयांची बाहेरची टोकं गळाली आहेत, तिथे पेन्सिल फिरवली. (हे कोणाला सांगशील तर बघ.) उपाशीपोटी या म्हणाले होते म्हणून चहा केला नाही, आणि चहाशिवाय सकाळ म्हणजे शिवणीशिवाय पुस्तक. नखांचा खाऊ तेवढा खाल्ला, दोन, पाण्याबरोबर. मग स्वेटर घातला, तो उलटा होता, काढून सुलटा घातला. जिना उतरले आणि रिपोर्टसाठी पैसे नेलेत की नाही हे बघायला परत चढले. नेले होते. लॅबमध्ये पोचले तेव्हा पावणेआठ. समोर एक आजोबा होते, ते सुईला घाबरून बायकोचा हात धरून बसले होते आणि बायको मासिक वाचत होती. आठला मला टोचलं. मुलीचा हात हलका होता. परत येताना वाटेतच चहा घेतला.

झालं. यात तुला काय सापडणार देवाला ठाऊक.

आजीची आठवण सारखी येते आहे. तीसुद्धा सकाळी अर्धा तास पलंगाच्या कडेला बसून राहायची. मी कामावर जायच्या गडबडीत असायचे. "आई, किती गं आळस" असं म्हणायचे तिला.

आत्या


२३ मे

आत्या गं,

तुझं पत्र उघडल्याला अजून अर्धा तास झाला नाही. नखांचा खाऊ! दोन, पाण्याबरोबर!

तीनदा फोन केला. उचलला नाहीस म्हणून ग्रंथालयात लावला आणि काउंटरवरच्या बाईंकडे निरोप ठेवला. तो मिळाला असेलच. तरी पुन्हा लिहिते. तो खाऊ आजपासून पूर्ण बंद. डबी घेऊन उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर ठेव. आवर घालणारी गोळी ते पुन्हा सांगेपर्यंत घेऊ नकोस.

कारण आता नीट समजावते. गेल्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी ती डबी पाठवली. तू लिहिलं होतंस की नखं तुटतात, घडी दाबायला अंगठ्याचं नख लागतं आणि तेच राहत नाही. मी दुकानातून केस-नखांच्या गोळ्या आणल्या आणि झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं "आत्याच्या नखांचा खाऊ". तू मला जन्मभर खाऊ पाठवलास, म्हणून एकदा उलट, अशी गंमत. त्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, आणि त्या डबीत ते भरपूर असतं. मी विचारलं औषध कोणतं, डॉक्टरांनी विचारलं औषध कोणतं. तू खरं तेच सांगितलंस, एकही नाही. खाऊला औषध कोण म्हणेल?

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट. अनेक यंत्रांत ही तपासणी करताना बायोटिन सरसासारखं वापरतात. टीएसएचला धरून ठेवणारा एक रेणू असतो, त्याला बायोटिन लावलेलं असतं. रक्तातलं टीएसएच त्याने धरलं, की त्या बायोटिनच्या जोरावर ते बारीक मण्यांना जाऊन चिकटतं. मग सगळं धुतात, आणि धुतल्यावर जे चिकटून राहील ते मोजतात. तुझ्या रक्तात आधीच इतकं सुटं बायोटिन फिरत होतं की मण्यांवरच्या सगळ्या जागा त्यानेच अडवल्या. टीएसएच धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेलं आणि यंत्राला वाटलं, नव्हतंच. टी-फोरची तपासणी उलट्या रीतीने चालते. तिथे मण्यांवर जितकं कमी चिकटेल तितकं टी-फोर जास्त, असं यंत्र समजतं. तिथेही जागा अडलेल्या, म्हणून टी-फोर भरमसाट दिसलं. दोन्ही आकडे खोटे आणि दोघांचं बोलणं मात्र तंतोतंत जुळणारं! आमच्याकडे वेगळ्या पद्धतीचं यंत्र आहे, म्हणून मला हे लवकर सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

म्हणजे बघ. नखं तुटत होती तीच कदाचित मंद थायरॉईडमुळे. मी त्या खुणेवर खाऊ पाठवला आणि त्या खाऊने आजार झाकून टाकला. मला फार लाज वाटते आहे.

आणखी एक. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "त्या ना? त्या तीस जूनपर्यंतच आहेत." अर्ज खणात होता ना? कधी दिलास? मला का नाही लिहिलंस?

चौकशी


२ जून

माझ्या गुणी चौकशीबाई,

आधी लाजेचं बघू. ती काढून ठेव. तू एक डबी पाठवलीस. ती संपल्यावर पुढच्या तीन मी स्वतः विकत आणून तुझ्याच डबीत ओतल्या, आणि नखं सुधारेनात म्हणून एकाच्या दोन गोळ्या मीच केल्या. तेव्हा लाज वाटायचीच असेल तर ती माझ्यासाठी ठेव.

डॉक्टरांसमोर डबी ठेवली. त्यांनी झाकण वाचलं, मग बारीक अक्षरं वाचली, आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "खाऊ काय काय खाता, हे आता प्रत्येकाला विचारणार." आठ दिवस खाऊ बंद ठेवून परवा पुन्हा रक्त दिलं, त्याच लॅबमध्ये, त्याच हलक्या हाताच्या मुलीकडे. कालचा रिपोर्ट असा.

टीएसएच २३.६, पुढे एच.
फ्री टी-फोर ०.५, पुढे एल.

या वेळी मी बरोबर वाचलं. साहेब चिठ्ठ्या पाठवून पाठवून दमले आहेत आणि माझ्याकडून पुस्तक निघत नाही. आजपासून थायरॉईडची गोळी सुरू केली, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. चहा लांबल्याचं दुःख आहे, पण सोसेन.

आता कबुली. अर्ज मी तेरा मेला दिला. डॉक्टरांकडून निघाले ती सरळ साहेबांकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिलं तेव्हा ते लिहायचं धैर्य झालं नाही. आणि फोन उचलत नव्हते ते आवाजामुळे. माझा आवाज वर्षभरात घोगरा झालाय, जाड, पुरुषासारखा. आजीचाही असाच झाला होता. तू दोन शब्द ऐकले असतेस तर सगळं टाकून धावत आली असतीस. तो आवाजही थायरॉईडमुळेच असतो, असं काल डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्यावरून तुला पहिल्या दिवशी कळलं असतं तेच नेमकं मी दाबून ठेवलं. शहाणपणाची कमाल आहे माझ्या.

पण मला रात्रंदिवस एकच छळतंय. आजी हळू झाली, गारठली, तिचा आवाज बसला, केस गळाले, विसरायला लागली. सगळे म्हणाले वय झालं. मीही म्हणाले. अठ्ठावन्न हे काय वय असतं गं? तिला कोणी सुई टोचलीच नाही. एका नळीभर रक्ताचा प्रश्न होता. मी तिला आळशी म्हणत राहिले.

आत्या


६ जून

आत्या,

२३.६ वाचून मी लॅबमध्ये ओरडले. मॅडम धावत आल्या, आणि मग त्याही ओरडल्या.

आजीबद्दल. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. तिचं थायरॉईड असेल किंवा दुसरं काही असेल, किंवा दोन्ही. ते आता कळायला मार्ग नाही. तेव्हा ही तपासणी आजच्यासारखी कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतही नव्हती. मला आठवतं ते असं की तिच्या खिडकीपाशी तिचे केस विंचरायला रोज तूच बसायचीस. तेही खरं आहे, ते का विसरतेस?

गोळीचं. एका दिवसात फरक पडत नाही. सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा बघायचं आणि मात्रा ठरवायची. डोक्यावरचं धुकंसुद्धा हळूहळू उतरतं. किती उतरेल याची हमी मी देत नाही, डॉक्टरही देणार नाहीत.

पण तीस जून सहा आठवड्यांच्या आधी येतो. म्हणून सांगते. बरी झाल्यावर साहेबांकडे जाईन, असं म्हणून थांबू नकोस. आत्ताच जा. कागद घेऊन जा.

चौकशी


२८ जून

चि. चौकशीबाई,

आज गेले. आत्ताच जा म्हणालीस आणि मी तीन आठवडे लावले, कारण मला आधी स्वतःची परीक्षा घ्यायची होती. बावीस फर्म्यांचा एक ग्रंथ घेतला, लावला, शिवायच्या आधी मोजला. बरोबर. दुसरा घेतला, बरोबर. तिसऱ्यात दोन फर्मे उलटसुलट झाले होते, पण ते माझे मलाच सापडले. तेवढ्यावर गेले.

साहेबांच्या टेबलावर माझा अर्ज काचेच्या गोळ्याखाली तसाच होता. वर पाठवलाच नव्हता. म्हणाले, "हात होत नव्हता, बाई." मी दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्यात कमी, दुसऱ्यात जास्त. म्हणजे बिघडलं की सुधारलं?"

मग मी त्यांना शिकवलं. तू सांगू नकोस म्हटलं होतंस तरी वाटाणा सांगितला. चिठ्ठ्या सांगितल्या. साहेब जरा ताठ झाले.

"म्हणजे मी चिठ्ठ्या पाठवतो हे आजाराचं लक्षण?"

"तुम्ही चिठ्ठ्या पाठवता हे माझ्या आजाराचं लक्षण, साहेब."

हसले. एकतीस वर्षांत मी त्यांना असं मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मला सहा महिने द्या. तोवर प्रत्येक ग्रंथ शिवण्याआधी दुसऱ्या कोणाकडून फर्मे मोजून घेईन. तरी चुकायला लागले तर हाच अर्ज पुन्हा देईन, आणि तेव्हा तुम्ही तो थांबवायचा नाही.

साहेबांनी दुसरा रिपोर्ट पुन्हा जवळ ओढला. मला वाटलं, झालं, नाही म्हणणार. मग हळूच म्हणाले, "बाई, थंडी वाजणं हे त्यातच येतं का? एवढ्या उकाड्यात?"

मी म्हटलं, येतं.

"आणि खाली बसलं की झोप?"

"येते."

"आमच्या घरी वर्षभर हेच चाललंय," ते म्हणाले. "भर दुपारी अंगावर शाल. फोडणी दिली की नाही ते आठवत नाही. मी तिला म्हणतो, तू आळशी झालीस." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडी तोच शब्द तीस वर्षांपूर्वी होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "साहेब, एका नळीचं काम आहे. सकाळी जाऊन या."

त्यांनी कागद शोधायला टेबलावर हात फिरवला. समोर माझा अर्ज होता, तोच घेतला. पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, टीएसएच, फ्री टी-फोर. "आणखी काय विचारायचं?" म्हणाले. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. नाडी, वजन, केस, आवाज. गोळ्या कोणत्या घेता असं विचारू नका, दिवसभरात तोंडात काय काय टाकता असं विचारा. पान भरलं. त्यांनी अर्जाची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि ग्रंथालय बंद व्हायला तीन तास असताना कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन घरी निघून गेले.

आत्या